सोळाव्या वर्षीचं लायसन्स ५० सीसीपुरतंच

लायसन्सबद्दलच्या लेखात ‘सोळाव्या वर्षी विनागिअर दुचाकीचं लायसन्स मिळतं’ एवढंच आलंय. ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी असतं, हे ठळक लिहायला हवं होतं. रस्त्यावर दिसतात त्या स्कूटर बहुतेक ११० नाहीतर १२५ सीसीच्या, त्यांना १८ पूर्णच लागतात. शेजारचा अकरावीतला मुलगा आईची ११० सीसी घेऊन क्लासला जातो. मागे मित्र, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणतात, लर्निंग लायसन्स काढलंय की! अहो, ते त्या गाडीचं नाही ना. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा वेळी पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. दंडाचं सोडा, रोज संध्याकाळी तो परत येईपर्यंत माझाच जीव टांगणीला लागतो.