टूरवर रॉ काढू नका म्हणे! का नाही काढायचं?

"फिरायला जाताना कॅमेरा जेपेगवरच ठेवा, रॉ हे प्रोफेशनल लोकांचं काम, एडिट केल्यावर दोन्ही सारखंच दिसतं, वर कार्ड भरतं आणि फाइल कुणाला पाठवताही येत नाही" असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणारी कच्ची फाइल, आणि जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानेच रंगबिंग ठरवून, दाबून लहान केलेला तयार फोटो. पावसाळ्यात नाशिकजवळच्या अंजनेरी, हरिहर गडांवर निघालेली, नवीन कॅमेरा घेतलेली पोरं हे वाचून गपचूप जेपेगवर शूट करतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

पहिलं, "सारखंच दिसतं". एडिट न करता बघाल तर जेपेगच जास्त चकाचक दिसेल, कारण कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग सगळं कॅमेऱ्यानेच घालून दिलेलं असतं. फरक कळतो उजेड अवघड असला की. नाशिकच्या पांडवलेणीत तीन नंबरच्या लेण्यात आत उभं राहून दाराकडे कॅमेरा धरा, बाहेर लख्ख ऊन, आत अंधार. आभाळ जळू नये (पार पांढरं होऊ नये) म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, खाली घेतलं की आतल्या भिंती काळ्याकुट्ट, आणि घरी येऊन त्या शॅडो (अंधारे भाग) उजळायला गेलात की जेपेगमध्ये भिंतीवर चौकोनी चट्टे येतात, रॉमध्ये थोडा नॉइज (दाणेदारपणा) येतो पण दगडाचा खडबडीतपणा शाबूत राहतो. जेपेग 8 बिटचं, म्हणजे प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, आणि 14 बिट रॉमध्ये 16,384. जेपेग बनवताना कॅमेऱ्याने जे टाकून दिलं ते नंतर कुठलंही ॲप परत आणत नाही. अर्थात पार पांढरंफटक जळालेलं आभाळ रॉमध्येही परत येत नाही हां, तेवढं काढतानाच सांभाळायचं.

"कॅमेऱ्यातच नीट काढता येत असेल तर रॉ कशाला?" बरं, मग संध्याकाळी नाशिकच्या रामकुंडावर जाऊन दाखवा. आरतीच्या ज्योती पिवळ्या, घाटावरचे एलईडी निळसर, आभाळात अजून थोडा जांभळा उजेड आणि पाण्यात हे सगळं एकत्र, व्हाइट बॅलन्स (कुठल्या उजेडाला पांढरा धरायचं ते) नक्की कशावर सेट करणार? ऑटोवर काढलेल्या जेपेगमध्ये चेहरे एकदा हिरवट आले की ते निस्तरता निस्तरता बाकीचे रंग बिघडतात. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स फाइलमध्ये पक्का झालेलाच नसतो, घरी शांतपणे ठरवता येतो. आणि हे टूरवरच जास्त लागतं, कारण घराजवळचा फोटो उद्या परत काढता येतो, लांबच्या गावची ती संध्याकाळ परत मिळत नाही.

कार्डाचं म्हणाल तर 24 मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण 25-30 एमबी. 64 जीबीच्या कार्डावर दोन हजारांच्या आसपास बसतात, अजून किती पाहिजेत?

पाठवता येत नाही हे खरंय, पण मेन्यूत रॉ प्लस जेपेग असतं की! जेपेग रात्री मोबाइलवर घ्या, घरच्यांना पाठवा, रॉ कार्डावर राहू द्या. रॉच्या एडिटिंगला पैसे लागतात असंही काही जण म्हणतात, ते खोटं, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही एडिटिंगची सॉफ्टवेअर फुकट आहेत, कॅनन-निकॉनची स्वतःची सॉफ्टवेअरही फुकटच मिळतात.

एक जागा मात्र आहे जिथे मीही जेपेगवर जातो. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात बदकांचा थवा उठला आणि बर्स्ट (एकामागोमाग भराभर फोटो) दाबून धरला की रॉमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांचा बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती जागा) लगेच भरतो आणि कॅमेरा अडकतो. तिथे खुशाल जेपेग लावा, थवा खाली उतरला की परत रॉ.