प्रिंट क्लिअर पाहिजे हं!

मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्सवाले शो देत नाहीत म्हणून सगळ्यात मोठ्याने गळा काढणाऱ्यालाच शुक्रवारी रात्री त्याच सिनेमाची टेलिग्रामवरची चोरटी लिंक हवी असते. वर ‘प्रिंट क्लिअर पाहिजे हं!’ फुकटात आणि चोखंदळपणाही! तिकीट परवडत नाही म्हणे. पुण्यात एफसी रोडवर कॉफी ढोसताना बरं परवडतं!

हिंदीवाल्यांनी कोरियन कथा ढापली की हीच मंडळी पुरावे घेऊन हजर. आणि यांची दिवाळी अंकातली चार ओळींची कविता कुणी नाव उडवून फॉरवर्ड केली, तर थेट वकिलाची भाषा. १९५७ चा कॉपीराइट कायदा तोंडपाठ. थिएटरात सिनेमा चोरून रेकॉर्ड केला तर सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख दंड आहे म्हटलं, की ‘अहो, आपण कुठे रेकॉर्ड करतो? आपण फक्त बघतो!’

(पुस्तकांच्या पीडीएफचं तर बोलायलाच नको. पुस्तकांच्या दुकानांनी भरलेला अप्पा बळवंत चौक दहा मिनिटांवर, तरी अख्खं पुस्तक स्कॅन करून वाटायचं आणि त्याला साहित्यसेवा म्हणायचं.)

कुठेच न मिळणारा जुना सिनेमा शोधणाऱ्याची अडचण समजू शकते. पण कालच लागलेला, घराजवळच्या थिएटरात निम्म्या रिकाम्या खुर्च्यांपुढे चाललेला सिनेमा? तिथे कसली डोंबलाची अडचण?