वाळवंटातलं तांबं-सोनं आणि विट्याची मूस

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड वाळवंटात सोनं सापडतं, मग आपल्या डोंगरांत का नाही? विटा, आटपाडी, कऱ्हाडकडून इथे पर्थला येणाऱ्या फोनवर हा प्रश्न हटकून निघतो. २०२३ साली खाणकायद्यात दुरुस्ती होऊन तांबं-सोन्यासह २९ खनिजांसाठी शोध-परवाना आला, तेव्हापासून त्याला आणखी धार आली आहे. ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा दोन बाजू लगेच पडतात. कोणी, किती खोल आणि कसं तपासलं, आणि तो नमुना आज कुठे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

ग्रेट सँडी वाळवंटात टेल्फरची जुनी खाण आहे. तिच्या पूर्वेला ४५ किलोमीटरवर हॅव्हिएरॉन. तिथला तांबं-सोनं असलेला खडक जमिनीवर कुठेच दिसत नाही. वर सुमारे ४२० मीटर जाडीचा, नंतरच्या काळातला गाळाचा खडक आहे. खूण होती ती चुंबकीय सर्वेक्षणातली. आधीच्या कंपनीने तिथे बोअर मारले, पण काम पुढे गेलं नाही. नोंदी मात्र राहिल्या. त्या वाचून दुसऱ्या कंपनीने २०१८ साली पुन्हा ड्रिलिंग केलं आणि जाड पट्टा हाती लागला.

आपल्याकडचं झाकण वेगळं आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करताना खोल बोअर घेतले गेले, त्यातला एक ३ किलोमीटरचा. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण (बेसाल्ट) संपल्यावर खाली ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने खडक लागले. कर्नाटकात हुट्टीला सोनं देणारे हिरवट खडकांचे पट्टे आणखी कुठे या पाषाणाखाली सरकले असतील, हे एवढ्या बोअरांवरून नाकारता येत नाही. पण प्रत्येक बोअरचा सुरुवातीचा मोठा भाग नुसता झाकणातून जाणार. शिवाय हा पाषाण स्वतःच चुंबकीय आहे, त्यामुळे विमानातून केलेल्या सर्वेक्षणात खालच्या खडकाची खूण पुसट होते. आज साताऱ्या-सांगलीत धातूसाठी बोअर मारणं मला पटत नाही. विहिरीच्या दगडात दिसणारा हिरवा लेप बहुधा सेलॅडोनाइट या हिरव्या मातकट खनिजाचा असतो, तांब्याचा नव्हे. तांब्याचं हिरवं खनिज मॅलाकाइट सौम्य आम्लात फसफसतं आणि त्या द्रावात बुडवलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर चढतो. नुसत्या फसफशीवर जाऊ नये, शेजारचं कॅल्साइटही फसफसतं.

खरा घोळ होतो तो नमुन्यात, आणि हे विट्याच्या, खानापूर-आटपाडीच्या गलाईवाल्यांना, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांना, समजावून सांगावं लागणार नाही. मूस (धातू वितळवायचं भांडं), टाकणखार (बोरॅक्स), तेजाब (आम्ल) हे त्यांच्या रोजच्या कामातले शब्द. प्रयोगशाळेतली फायर अ‍ॅसे त्याच कुळातली, म्हणजे भट्टीत वितळवून केलेली सोन्याची तपासणी: पिठासारखी ३० किंवा ५० ग्रॅम पूड शिशाचं ऑक्साइड, सोडा आणि टाकणखार घालून हजार अंशांच्या वर वितळवायची. शिसं सोनं गोळा करून तळाशी बसतं, मग सच्छिद्र वाटीत शिसं शोषलं जातं आणि मणी उरतो. पण गलाईवाल्याकडे अख्खा ऐवज असतो, इथे डोंगरातली चिमूट. टनाला १ ग्रॅम म्हणजे ५० ग्रॅम पुडीत ५० मायक्रोग्रॅम. ०.२ मिलिमीटरचा सोन्याचा एकच कण त्याहून जड भरतो. तो पुडीत आला तर आकडा फुगतो, नाही आला तर खाली बसतो. म्हणून जाड कणांचं सोनं असेल तिथे किलोभर पूड चाळून चाळणीवरचा आणि खालचा भाग वेगळा तपासतात. साधारण दर वीस नमुन्यांत एक माहीत असलेल्या कसाचा, एक कोरा (सोनं नसलेला) आणि एक दुबार घालतात. कोऱ्या नमुन्यात सोनं निघालं तर भांडं नीट साफ झालेलं नाही, ती बॅच परत.

बोअरचेही सापळे आहेत. शिरेला जवळपास समांतर बोअर गेला तर दोन मीटरची शीर वीस मीटरची वाटते. हवेच्या दाबावर चुरा काढणाऱ्या ड्रिलिंगमध्ये पाणी लागलं की वरचा चुरा खालच्यात मिसळतो. तिथे थांबून कोअर, म्हणजे खडकाचा अखंड दांडा, काढावी. मॅग्नेटाइट असेल तर चुंबकीय उपकरण बोअरची दिशा चुकीची सांगतं, जायरो, म्हणजे चुंबकावर न चालणारा दिशामापक, लागतो.

कोअर लांबीत चिरतात. एकच बाजू प्रयोगशाळेत जाते, अर्धी पेटीत राहते. ही उरलेली अर्धी मला सगळ्यात मोलाची वाटते. पर्थ आणि कालगूर्लीला सरकारी कोअर लायब्ररी आहे. परवानाधारकांचे अहवाल, फसलेल्या बोअरांचेही, पाच वर्षांनी खुले होतात.

मोबदल्यातही फरक आहे. इथे ऑस्ट्रेलियात शोध-परवानाधारकाला खाणपट्ट्याचा पहिला हक्क असतो. आपल्या नव्या परवान्यात शोधणाऱ्याला खाणपट्ट्याच्या पुढच्या लिलावातल्या प्रीमियममधला, म्हणजे बोलीच्या रकमेतला, हिस्सा मिळतो, आणि कमीत कमी हिस्सा मागेल त्याला परवाना. सार्वजनिक संपत्तीचा लिलाव व्हावा, हे मला मान्य आहे. पण हिस्सा खाण झाली तरच पदरात पडणार, आणि बहुतेक जागा खाणीपर्यंत पोचतच नाहीत. अशा वेळी फसलेल्या बोअरची पेटी जपण्यात परवानाधारकाचा काहीच फायदा नाही. म्हणून ती राज्याने ताब्यात घेतली पाहिजे, खोली, दिशा आणि तपासणीच्या आकड्यांसकट. कऱ्हाडजवळ हजारमाचीला कोयनेच्या कोअरची निगा राखली जाते. तशाच शेडमध्ये विदर्भातल्या तांब्या-सोन्याच्या बोअरांच्याही पेट्या रचायला हव्यात.