डायकास्ट विमानांच्या भेगा संसर्गाने पसरत नाहीत: खुलासा

जुन्या डायकास्ट (वितळलेला धातू साच्यात दाबाने भरून घडवलेल्या) खेळण्यांतील विमानांच्या पंखांना पडणाऱ्या भेगा शेजारच्या विमानाला ‘लागतात’ आणि वार्निशचा हात दिल्यास कायमच्या थांबतात, असे संग्राहकांमध्ये सांगितले जाते. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. गैरसमजाला या दोषाचे ‘झिंक पेस्ट’ (झिंक म्हणजे जस्त) हे नावही कारणीभूत असावे, कारण येथे ‘पेस्ट’ म्हणजे कीड. प्रत्यक्षात मात्र कीड कुठेच नसते.

ओतकामाच्या वेळीच जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अल्पसा अंश मिसळला गेला असेल, तर धातूच्या कणांच्या सीमांवर गंज चढतो, धातू फुगतो, पंख वाकतात आणि शेवटी त्यांचा भुगा होतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ‘डिंकी’ या नावाच्या खेळण्यांतील विमानांत हा दोष वारंवार आढळतो. न्यू जर्सी झिंक कंपनीने 1929 मध्ये विकसित केलेल्या झॅमॅक या जस्ताच्या मिश्रधातूसाठी 99.99 टक्के शुद्ध जस्त वापरले जाई, ते याच कारणाने.

एकाच कपाटातील अनेक विमाने एकदम तडकली, तर सदोष धातू आणि सर्वांना मिळालेली सारखीच दमट, उष्ण हवा हे त्याचे कारण असू शकते. वार्निश धातूतील शिसे काढू शकत नाही; कोरड्या, थंड जागेत ऱ्हास मंदावतो, इतकेच. वाकलेला पंख सरळ करू पाहणे तर टाळावेच, कारण असा ठिसूळ धातू हातातच तुटतो.