चूक मीटरची, आणि त्याच्यावर विसंबलेल्या माझी

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा उठून आर्द्रता मोजायचा मीटर तपासला.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाळलेल्या हिसिंग झुरळांच्या (फुसफुस आवाज करणारी मोठी झुरळं) डब्यात ६५ टक्के आर्द्रता ठेवा, त्यासाठी दिवसातून दोनदा फवारा मारा, असं मी लिहिलं. न्यू जर्सीत ऐन थंडीत तुम्ही महिनाभर तसं केलंत. तळाच्या कोकोपीटला (नारळाच्या काथ्याचा भुसा) बुरशी आली, गाजराच्या तुकड्यांवर पांढरे किडे वळवळू लागले, दोन पिल्लं कात टाकताना मेली, आणि आता एक पांढरंफटक पडलंय. शिवाय, ‘गटारात जगणाऱ्या प्राण्याला कसले आलेत टक्के?’

फवाऱ्याचं मान्य. आधी मीटरचं सांगतो. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेतलं, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घातलं, आणि ते मीटरसकट हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवलं. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. (पावसाळ्यात आईच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं ते यामुळेच. हवा ७५च्या वर गेली की मीठ पाझरतं.) सकाळी माझा मीटर ६१ दाखवत होता! म्हणजे ज्याला मी ६५ म्हणत होतो ते खरं तर ८०च्या घरात होतं, आणि तेच मी तुमच्या गळ्यात मारलं.

गटाराचा मुद्दा मात्र तुमच्यावरच उलटतो. घरातलं झुरळ मोरीत शिरतं तेच ओलीसाठी. आणि तुमच्याकडचं झुरळ मोरीतलं नव्हेच, ते मादागास्करच्या जंगलात पाचोळ्यात, कुजक्या ओंडक्यांखाली राहणारं. तिथे ओल खालून येते, वरून धुक्यासारखी फवारली जात नाही.

आता बुरशीही आणि कात अडकणंही, एकाच डब्यात दोन्ही कसं? तुमच्या फोटोत हीटिंग पॅड ज्या टोकाला आहे तिथेच झुरळांना लपायला ठेवलेले पुठ्ठ्याचे ट्रे (कोंबडीची अंडी येतात ते) उभे आहेत. बाहेरची शून्य अंशाची हवा, अगदी पूर्ण दमट असली तरी, घरात २२ अंशांपर्यंत तापली की २३ टक्क्यांच्या आसपास उतरते. ती हवा त्या गरम ट्रेंमध्ये शिरते, आणि पिल्लं कात टाकायला नेमकी तिथेच लटकतात. तळाला चिखल, वर वाळवंट. तुमचा मीटर मधल्या भिंतीवर, म्हणून तो ६८ दाखवून मोकळा.

फवारा बंद करा. पॅडच्या विरुद्ध कोपऱ्यात कोकोपीट चार बोटं जाड करा, त्यावर मूठभर मॉस (शेवाळ), आणि आठवड्यातून एकदा त्या कोपऱ्यातच वाटीभर पाणी कडेने सोडा. मुठीत दाबल्यावर कोकोपीटचा गोळा व्हावा, पाणी टपकू नये. एक-दोन ट्रे त्या बाजूला हलवा. दुसरं टोक कोरडंच असू द्या, कुठे बसायचं ते झुरळं ठरवतील. झाकणाची जाळी टेपने पूर्ण बंद केलीत ती अर्धी उघडा. टेप लावा असं मी कुठेही लिहिलं नव्हतं, हे आपलं सांगून ठेवतो.

गाजरावरचे किडे ओल्या, शिळ्या खाण्यामुळे आलेत. खाणं कोरड्या टोकाला बशीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. पण झुरळाच्या पायांच्या मुळाशी बारीक माइट (गोचिडीसारखे सूक्ष्म जीव) फिरताना दिसले तर ते वेगळे. हिसिंग झुरळांच्या अंगावर राहणारी त्यांची स्वतःची जात आहे, ते त्यांना त्रास देत नाहीत. त्यांच्यावर औषध मारायला गेलात तर झुरळंच जातील.

आणि ते पांढरं पिल्लू आजारी नाही. त्याची कात नीट सुटली आहे, अंग अजून मऊ आहे इतकंच. शेजारी पडलेली कात काढू नका, ते स्वतःच खाईल. हात न लावता ठेवलंत तर काही तासांत तपकिरी झालेलं दिसेल.