लक्ष्मी विलास बँक ‘सिंगापूरला फुकट’ गेली नव्हती

कोल्हापूरची जुनी रत्नाकर बँक म्हणजे आजची आरबीएल. तिच्यात दुबईची एमिरेट्स एनबीडी ६० टक्के हिस्सा घेणार, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं आणि पाच वर्षांपूर्वीचा एक मजकूर व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरू लागला. त्याचा सारांश असा: ‘९४ वर्षांची, चांगली चालणारी लक्ष्मी विलास बँक २०२० मध्ये मुद्दाम आजारी ठरवली आणि सिंगापूरच्या डीबीएसला फुकट देऊन टाकली. वीस लाख भारतीयांच्या ठेवी परदेशात गेल्या. सरकारी बँकेकडे द्यायचं सोडून छोट्या भागधारकांना लुटलं. आता पुढचा नंबर तुमच्या बँकेचा.’

हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत ठेवी मोडून घरात रोकड ठेवायला निघालेली वयस्क माणसंही आहेत. त्यामुळे एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

‘चांगली चालणारी बँक होती’

नव्हती. १९२६ मध्ये तमिळनाडूतल्या करूरमध्ये व्यापाऱ्यांनी काढलेली ही बँक अनेक दशकं सूत-कापडाच्या धंद्यातल्या लोकांना कर्ज देऊन नीट चालली होती. मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या कर्जांमागे ती लागली आणि घसरण सुरू झाली. २०१७-१८ मध्ये ५८५ कोटी, पुढच्या वर्षी ८९४ कोटी, त्याच्या पुढच्या वर्षी ८३६ कोटी, असा सलग तीन वर्षं तोटा झाला. मार्च २०२० अखेर दिलेल्या दर शंभर रुपयांतले पंचवीसहून जास्त रुपये थकीत होते. सप्टेंबर २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेने तिच्यावर पीसीएचे, म्हणजे कमकुवत बँकेला वेळीच आवरण्यासाठीचे, निर्बंध लावले होते. म्हणजे ‘मुद्दाम आजारी’ ठरवण्याच्या वर्षभर आधीपासून तिचं दुखणं सर्वांसमोर होतं.

मजकुरात एक आकडा हमखास असतो: बँकेचा लिक्विडिटी कव्हरेज रेशो २६२ टक्के होता, किमान लागतो १००, मग बँक बुडीत कशी? आकडा खरा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये खुद्द बँकेनेच तो जाहीर केला होता. पण तो सांगतो एवढंच, की पुढच्या महिनाभरात ठेवीदार पैसे मागायला आले तर द्यायला रोकड किंवा लगेच विकता येणारे रोखे आहेत. बँकेची एकूण मालमत्ता तिच्या देण्यांपेक्षा जास्त आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. कपाटात महिन्याच्या खर्चाचे पैसे आहेत, पण घरावरचं कर्ज घराच्या किमतीहून मोठं आहे, अशा माणसासारखी ही स्थिती. देणी भागवण्याची खरी ताकद भांडवलाच्या प्रमाणात, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल किती आहे यात, दिसते. ते किमान ९ टक्के हवं. लक्ष्मी विलासचं ३० सप्टेंबर २०२० रोजी उणे २.८५ टक्के होतं. भागधारकांचं सगळं भांडवल संपलं होतं आणि तोटा ठेवीदारांच्या पैशाला लागायला सुरुवात झाली होती.

एक प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. दिल्लीतल्या जनपथ शाखेत रेलिगेअर फिनव्हेस्ट या वित्त कंपनीच्या साडेसातशे कोटींच्या आसपास मुदत ठेवी होत्या. कंपनीच्या तक्रारीनुसार, बँकेने त्या ठेवींच्या आधारावर तिच्या तत्कालीन प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपन्यांना कर्जं दिली आणि ती थकल्यावर ठेवी वळत्या करून घेतल्या. दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि बँकेच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. हे सगळं डीबीएसचं नाव चर्चेत येण्याच्या आधीचं आहे.

‘फुकट देऊन टाकली’

ज्या बँकेची देणी मालमत्तेपेक्षा जास्त आहेत, तिची किंमत शून्याच्या खाली असते. डीबीएस बँक इंडियाने सुमारे २०,००० कोटींच्या ठेवी परत करण्याची जबाबदारी घेतली, ४,००० कर्मचारी आहे त्याच सेवाशर्तींवर घेतले, बुडीत कर्जं घेतली, कोर्टातली भांडणंही घेतली आणि वर २,५०० कोटींचं नवं भांडवल आणलं. रेलिगेअरच्या प्रकरणात तर फौजदारी खटल्यात डीबीएसलाच आरोपी म्हणून ओढलं गेलं होतं. जुन्या बँकेच्या अधिकाऱ्यांच्या कृत्यांसाठी तिच्यावर खटला चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये ठरवलं तेव्हा कुठे ती सुटली.

डीबीएसने हा काही धर्मादाय केला नाही. तोवर तिच्या भारतात मोजक्या शाखा होत्या. एका दिवसात ५६३ शाखा, साडेनऊशेहून जास्त एटीएम आणि दक्षिणेतला जुना ग्राहक हाती आला. एरवी एवढ्या शाखा उघडायला कितीतरी वर्षं लागली असती. तिला फायदा दिसला म्हणूनच ती आली. पण याला फुकट म्हणत नाहीत.

‘ठेवी सिंगापूरला गेल्या’

पैसा उलट दिशेने आला. २,५०० कोटी सिंगापूरहून भारतात आले. डीबीएस बँक इंडिया ही भारतात नोंदलेली स्वतंत्र कंपनी आहे. मार्च २०१९ पासून ती शाखेऐवजी उपकंपनी म्हणून काम करते आणि तिचं मुख्यालय मुंबईत नरिमन पॉइंटला आहे. ठेवींतला ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेत रोख आणि ठरावीक हिस्सा मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवणं तिच्यावर इतर बँकांइतकंच बंधनकारक आहे. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा तिच्या खातेदारांनाही मिळतो.

आणि आरबीएलचा व्यवहार या रांगेत बसतच नाही. तिथे बँक बुडालेली नाही. एमिरेट्स एनबीडी नवे शेअर घेऊन सुमारे २६,८५० कोटी बँकेतच घालणार, असा तो करार आहे. ‘परदेशी’ हा एकच शब्द सारखा दिसला म्हणून दोन्ही एका मजकुरात कोंबले गेले आहेत.

ठेवीदारांचं काय झालं, हे मजकुरात कुठेच नाही

मला सर्वांत जास्त राग याचा येतो. १७ नोव्हेंबर २०२० ला संध्याकाळी ६ वाजता खात्यातून २५,००० रुपयांपेक्षा जास्त काढायला बंदी आली. उपचार, शिक्षण, लग्न अशा खर्चांसाठी सवलत होती, तरी ज्याचा पगार किंवा पेन्शन त्या खात्यात होतं त्याच्या पोटात गोळा आला असणार. २७ नोव्हेंबरला बँक विलीन झाली आणि मर्यादा उठली. दहा दिवस. कुणाचाही एक रुपया कापला गेला नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला याची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, २३ सप्टेंबर २०१९ ला अडकली तेव्हा पहिली मर्यादा १,००० रुपयांची होती. लोक भांडुपला, रिझर्व्ह बँकेच्या दारात, कोर्टाबाहेर उभे राहिले. ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन व्हायला जानेवारी २०२२ उजाडला आणि पाच लाखांवरच्या ठेवीदारांचे पैसे दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळण्याचं ठरलं. दहा दिवस आणि दहा वर्षं यांतला फरक भांडवल घेऊन कुणी वेळेवर आलं की नाही, यातून पडला.

‘सरकारी बँकेला का नाही?’

काही कर्मचारी संघटनांचीही तीच मागणी होती, आणि ती गैर नाही. पण सरकारी बँकेत घातलं जाणारं भांडवल तुमच्या-आमच्या करातून येतं. एप्रिल २०२० मध्येच दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या होत्या आणि त्यांची संगणक प्रणाली जुळवण्याचं काम चालू होतं. मार्चमध्ये स्टेट बँक आणि इतर भारतीय बँकांनी अडचणीत आलेल्या येस बँकेत मिळून सुमारे १०,००० कोटी ओतले होते. त्या वर्षी आणखी एक ओझं घ्यायची तयारी कुणाची असेल?

‘छोट्या भागधारकांना लुटलं’

इथे मजकूर सत्याच्या जवळ येतो. बँकेचं संपूर्ण भागभांडवल रद्द झालं. बाजारात पंधरा रुपयांच्या आसपास असलेला शेअर शून्य झाला. ३१८ कोटींचे टियर-२ रोखेही, म्हणजे बँकेने भांडवल म्हणून विकलेले कर्जरोखे, शून्य झाले. भांडवलच संपलेल्या बँकेचा भागधारक तोटा सोसणार, हा नियम बरोबर आहे. ठेवीदाराच्या आधी त्याचा नंबर लागलाच पाहिजे. २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँक ओरिएंटल बँकेत गेली तेव्हाही भागधारकांना काही मिळालं नव्हतं.

पण प्रत्येक वेळी तसं झालेलं नाही. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये अडकली तेव्हा तिच्यासाठी सतरा इच्छुक पुढे आले. ती आयडीबीआयकडे गेली आणि भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. येस बँकेत तर शंभरपेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षं गोठवले, पण कुणाचा शेअर रद्द केला नाही. तिथे ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे (भांडवलात मोजले जाणारे, जास्त जोखमीचे रोखे) मात्र शून्य केले आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अडचणीतल्या बँकेवर निर्बंध घालून तिची पुनर्रचना किंवा विलीनीकरण करू देणारं बँकिंग नियमन कायद्याचं कलम ४५ तेच, पण माप तीन तऱ्हेचं लागलं.

लक्ष्मी विलासच्या बाबतीत निर्बंधांच्या दिवशीच विलीनीकरणाचा मसुदा आणि डीबीएसचं नाव दोन्ही बाहेर आलं. हरकती द्यायला २० नोव्हेंबरच्या संध्याकाळी ५ पर्यंतची मुदत होती, म्हणजे जेमतेम तीन दिवस. जाहीर बोली झाली नाही. इंडियाबुल्स या गृहकर्ज कंपनीशी विलीनीकरण रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१९ मध्ये नाकारलं होतं आणि क्लिक्स या दुसऱ्या वित्त कंपनीशी बोलणी पुढे सरकली नव्हती. मधल्या वर्षभरात बँक रोज खंगत होती. सप्टेंबर २०२० च्या वार्षिक सभेत भागधारकांनी कार्यकारी प्रमुखांसह सात संचालकांना मतदानाने घरी पाठवलं, म्हणजे कारभार कुजला आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांच्याकडे तेव्हा उरला होता तो फक्त मताचा हक्क, आणि दोन महिन्यांत तोही गेला.

राग धरायचाच असेल तर तो सिंगापूरवर नको. कर्जं मंजूर करणाऱ्यांना आणि वर्षभर थांबून राहिलेल्या नियामकाला जाब विचारा. अशा वेळी दुसऱ्या कुणाकुणाला विचारलं होतं, याची यादी प्रसिद्ध व्हावी. बुडीत कर्जांतून पुढे जी वसुली होईल, तिच्यातला काही वाटा जुन्या छोट्या भागधारकांसाठी राखून ठेवण्याची अट विलीनीकरणाच्या योजनेतच लिहिली जावी. ही मागणी रिझर्व्ह बँकेकडे आणि आपल्या खासदारांकडे नाव घालून पाठवता येते.