‘आमची मावशी तर काडीसारखी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, खोटं कशाला बोलू. चहा घेऊन पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आलं की तुमचा निम्मा राग बरोबर आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. ताईंचं म्हणणं असं: वजन, साखर, वजन, साखर करून मी बायकांनाच आरोपी ठरवते. आपल्याकडे हा आजार आहेच किती, मग अमेरिकेतल्या गोऱ्या-काळ्या बायकांचे आकडे आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बायकांनी कशाला वाचायचे? आणि त्यांची मावशी ४४ किलोची, साखर नाही, तीन बाळंतपणं झालेली. सोनोग्राफीत अस्तर अवघं ३ मिमी, तरी हाच कॅन्सर निघाला. सध्या केमो चालू आहे.

मावशींचं आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे. मी लिहिलं होतं, ‘पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर सोनोग्राफी करा, अस्तर ४ मिमीच्या आत असेल तर निर्धास्त राहा.’ एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलेल्या बाईने ‘निर्धास्त’ हा शब्द लिहायला नको होता.

लेनिनग्राडच्या बोखमन नावाच्या डॉक्टरांनी १९८३ साली या कॅन्सरच्या दोन जाती सांगितल्या. पहिली इस्ट्रोजन या संप्रेरकावर पोसणारी. पाळी गेल्यावरही अंगातली चरबी इस्ट्रोजन बनवत राहते, त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन नसतं, आणि अस्तर माजतं. निंदणी न केलेल्या शेतासारखं. बहुसंख्य रुग्ण याच जातीच्या, आणि वेळेत सापडलं तर बहुतेक बऱ्या होतात. दुसरी जात वेगळी. तिच्यातला मुख्य प्रकार ‘सीरस’. तो साधारण सत्तरीच्या आसपास, कित्येकदा बारीक बायकांत, सुकलेल्या पातळ अस्तरात उगवतो. दहा रुग्णांत जेमतेम एक सीरसची, पण या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा त्याचा. आता आपण हे गट चार आणि जनुकांवरून पाडतो, पण मावशींचं कोडं सुटायला बोखमन पुरेत.

लॅबमध्ये हा फरक डोळ्यांना दिसायचा. पहिल्या जातीचं क्युरेटिंग (पिशवीतून खरवडून काढलेला नमुना) आलं की फॉर्मॅलिनच्या बाटलीत भरपूर माल असायचा. दुसरीकडे बाटली उलटी केली तरी रक्ताच्या दोन गुठळ्या आणि नखाएवढे कण. तेवढेच गाळणकागदात गुंडाळायचे, मेणाचा ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, रिबन काढताना श्वास रोखायचा, कारण दुसऱ्यांदा कापायला काही उरणार नसायचं. अशा एका स्लाईडवर आमच्या सरांनी सीरस ओळखला होता. पेशंटच्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘अस्तर पातळ, नॉर्मल’ असं टाईप केलेलं होतं. हे पाहिलेलं असूनही मी ‘निर्धास्त’ लिहिलं.

आता अमेरिकेतल्या बायका. त्या तुम्हाला परक्या वाटल्या, पण तुमच्या मावशींची गोष्ट सगळ्यात जास्त त्यांच्याशीच जुळते. तिथे निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्या गोऱ्या बायका शेकडा ८४ च्या आसपास, काळ्या ६३ च्या आसपास. एक कारण असं की काळ्या बायकांत सीरससारखे वाईट प्रकार जास्त. दुसरं कारण उपचार उशिरा आणि कमी मिळणं, ते आपल्याला समजावून सांगायला नको. तिसरं मात्र आपल्या मुद्द्याचं आहे. अस्तराच्या जाडीची ही ४-५ मिमीची पट्टी ज्या अभ्यासांवर बेतली, त्यांत बहुतांश गोऱ्या बायका होत्या. काळ्या बायकांत फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतल्या साध्या गाठी, फार. गाठींच्या गर्दीत अस्तर नीट मोजताच येत नाही. २०२४ मध्ये फक्त काळ्या रुग्णांवर ही पट्टी लावून पाहिली, तेव्हा कॅन्सर असलेल्या दर दहातली साधारण एक ५ मिमीच्या पट्टीखालून निसटली असती. एका गटावर शिवलेला ब्लाउज सगळ्यांना घालायला दिला, दुसरं काय. फायब्रॉइड तर आपल्याकडे घरोघरी.

‘आपल्याकडे आहेच किती’ हे वरवर खरं आहे. उत्तर अमेरिकेत लाखामागे वीसच्या वर, भारतात तीनच्या आतबाहेर. आपल्या आया-आज्यांची धोका कमी करणारी चार-पाच बाळंतपणं हे त्याचं खरंखुरं कारण आहेच. पण मोजणीत एक गोम आहे. यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला आमच्याकडे पन्नाशीपुढच्या अकरा जणी होत्या. पन्हं पिता पिता विषय निघाला, तर चौघींची पिशवी काढलेली. शेजारच्या बेन तर दाढ काढल्यासारखं सांगून मोकळ्या झाल्या, ‘कोथळी तो क्यारनी कढावी नाखी!’ (पिशवी तर केव्हाच काढून टाकली!) आता जिला पिशवीच नाही तिला पिशवीचा कॅन्सर कुठून होणार? तरी ‘लाखामागे किती’ काढताना तीही त्या लाखात धरली जाते. माझ्या अकरा जणींवरून अनुमान काढू नका, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्याच ३.३ टक्के बायकांची पिशवी काढलेली होती, आणि हा कॅन्सर मुख्यतः त्यापुढच्या वयाचा. अमेरिकेत पूर्वी म्हणत, हा रोग गोऱ्या बायकांचा. पिशवी काढलेल्या बायका हिशोबातून वजा केल्या, आणि आजाराच्या प्रमाणात काळ्या बायका मागे राहिल्याच नाहीत. त्यांच्यात फायब्रॉइडपायी ऑपरेशनं जास्त झालेली होती, म्हणून आकडा छोटा दिसत होता. (म्हणून पिशवी काढून टाकावी, असा अर्थ कृपा करून कुणी काढू नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते आपण वाचलंय.)

वजनाबद्दल माघार घेणार नाही. बॉडी मास इंडेक्स पाच अंकांनी वाढला की धोका दीडपटीच्या वर जातो, हे पुन्हापुन्हा सापडलेलं आहे. पण सूर चुकला असेल. पीसीओडी असलेल्या, मूल न झालेल्या, स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांचाही धोका वाढतो, आणि त्यांना कुणी ‘तुझीच चूक’ म्हणत नाही. जाड बाईलाच तेवढं म्हणतात.

‘निर्धास्त’वाली ती ओळ मी पुसलेली नाही. तिच्यावर रेघ मारून खाली लिहिलंय: पाळी गेल्यावर एकदा जरी डाग दिसला तरी दाखवा, आणि अस्तर पातळ आलं तरी डाग पुन्हा लागला तर बायोप्सी मागा. बारीक असा, जाड असा.

मावशींसाठी एक. रिपोर्टमध्ये ‘सीरस’ असेल तर हर-टू (HER2 हे प्रथिन) तपासलंय का ते डॉक्टरांना विचारा. साधारण तिसऱ्या हिश्श्यात ते सापडतं, आणि सापडलं तर केमोच्या जोडीला वेगळं औषध देता येतं. नवीन तुकडा काढावा लागत नाही, लॅबमधला जुना ब्लॉक चालतो. तो मागून आणाल तेव्हा पर्समध्ये ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर नको. बडोद्याच्या मे महिन्यात मेण मऊ पडतं.